लाल दिव्यामागची एकवीस वर्षं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आहमाकोस्की नगरपालिकेचे प्रमुख माननीय तुओमो राउतिओ साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले आजी-माजी पदाधिकारी, आपलं भोजनगृह आज दुपारपुरतं आम्हाला देणाऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, माझे गेल्या चोवीस वर्षांतले सहकारी, पहिल्या रांगेत बसलेली माझी पत्नी हिल्का, तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेली आणि सोमवारपासून माझ्या खुर्चीत बसणार असलेली योन्ना पेसला, आणि केकसाठी का होईना, पण अगदी वेळेवर आलेल्या तमाम ग्रामस्थांनो,

सत्काराला उत्तर द्यायचं तर सत्कार कशाचा झाला, हे उत्तर देणाऱ्याला आधी कळलेलं असावं. माझी पंचाईत तिथेच झाली आहे. मघाशी अध्यक्ष माझ्याबद्दल जे बोलले ते मी मन लावून ऐकलं. ‘कामाचा डोंगर उपसणारा माणूस’ असं ते म्हणाले. ‘कालेर्वो लेस्केलांच्या दारावरचा लाल दिवा विझलेला मी कधी पाहिला नाही’ असंही म्हणाले. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की कालेर्वो लेस्केला म्हणजे मीच.

माझ्या खिशात दोन पानी भाषण आहे. हिल्कानं ते वाचून ‘बरं आहे, कुणाला काही लागणार नाही’ असा दाखलाही दिलेला आहे. ते वाचलं असतं तर चार मिनिटांत आपण सगळे कॉफीकडे वळलो असतो. पण साहेबांनी हे सोनेरी पदक छातीला लावताना टाचणी कोटातून शर्टात गेली, शर्टातून मला टोचली, आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसता गोंधळ चालू आहे. ते भाषण वाचावं असं आता वाटत नाही. काय बोलावं तेही नीट कळत नाही. तरी बोलतो. चुकलो तर सांभाळून घ्या.

खरी गोष्ट अशी की मला काम नव्हतं.

बघा, हसलात. मला वाटलंच होतं. आपल्याकडे एखादा म्हणाला, ‘मला थोडंफार पोहता येतं’, तर समजावं की हा गडी सरोवर ओलांडून आलेला आहे. बाईनं ‘काही खास नाही, खाऊन बघा’ म्हणत ताट पुढे केलं तर समजावं की ती पहाटेपासून चुलीशी उभी आहे. स्वतःची टिमकी वाजवायची नाही, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. चांगलंच आहे ते. पण मग जो खरोखरच बुडतो आहे त्यानं काय ओरडायचं? तो ‘मला पोहता येत नाही’ म्हणाला, तरी काठावरचे म्हणणार, काय हा विनय!

थोडं मागे जातो. जे अलीकडे रुजू झालेत त्यांना ठाऊक नसेल. मी एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली नदीकाठ निरीक्षक म्हणून लागलो. त्या वेळी जंगलात तोडलेले ओंडके बर्फ वितळलं की आहमा नदीत सोडायचे आणि ते वाहत वाहत खालच्या गिरणीपर्यंत जायचे. वाटेत कुणाचा नावेचा धक्का मोडायचा, कुणाची जाळी फाटायची, कुणाचा काठ ढासळायचा. तक्रार माझ्याकडे. मी जायचो, मोजायचो, लिहायचो, भरपाई ठरवायचो. पहिली तीन वर्षं मला जेवायला फुरसत नव्हती. बूट चिखलात, कागद भिजलेले, दोन्हीकडचे लोक माझ्यावर चिडलेले. इतका सुखी मी नंतर कधी झालो नाही. हे तेव्हा कळलं नाही, हे सांगायला नकोच.

एक्याण्णवच्या शरद ऋतूत शेवटचे ओंडके गेले. पुढच्या वसंतापासून लाकूड ट्रकनं जाऊ लागलं. नदी मोकळी झाली, आणि मीही. पण ओंडके वाहण्याची नियमावली पाण्याच्या न्यायालयानं रीतसर रद्द करेपर्यंत काठावर निरीक्षक असलाच पाहिजे, असं त्याच नियमावलीत लिहिलेलं आहे. कलम बत्तीस. मला सगळी शेहेचाळीस कलमं पाठ आहेत, कुणाला ऐकायची असतील तर कॉफीच्या वेळी भेटा. रद्द करण्याचा अर्ज तेव्हाच गेला. अर्ज अजून रांगेत आहे. म्हणून मी होतो, आणि म्हणूनच आता योन्ना आहे.

आता त्या दिव्याचं. जुन्या इमारतीत प्रत्येक दाराच्या चौकटीला तीन दिवे आहेत. हिरवा म्हणजे आत या, पिवळा म्हणजे जरा थांबा, लाल म्हणजे कामात आहे. एक्याण्णवच्या डिसेंबरात एका मंगळवारी सकाळी टेबलावर एकही कागद नव्हता. मी खिडकीतून अग्निशमन केंद्राचा मनोरा बघत बसलो होतो. पॅसेजमध्ये कुणाची तरी पावलं वाजली. रिकाम्या टेबलापाशी मला कुणी बघेल, या विचारानं मला इतकी लाज वाटली की मी लाल दिव्याचं बटण दाबलं. पावलं निघून गेली. मी ते बटण पुन्हा वर केलंच नाही.

दुसऱ्या एखाद्या देशात काय झालं असतं, सांगता येत नाही. तिथे म्हणे लोक लाल दिवा असला तरी दार ढकलतात, ‘काय रे, जिवंत आहेस ना’ म्हणून विचारतात. आपल्याकडे दिवा म्हणजे दिवा. एकवीस वर्षांत एकानंही टकटक केली नाही. माझ्याकडे काम असलेले लोकसुद्धा मला त्रास नको म्हणून माझं काम स्वतःच करून टाकायचे. तक्रारीची कधीमधी येणारी पत्रं हिशेबनीस परस्पर उत्तर देऊन मिटवायचा, हे मला त्याच्या निरोप समारंभात कळलं. ‘तू इतका कामात,’ तो म्हणाला, ‘म्हटलं तेवढाच हातभार.’ मी त्याचे आभार मानले. दुसरं काय करणार होतो?

तुम्ही विचाराल, मग तू बोलला का नाहीस? बोललो. एकदा नाही, तीनदा बोलायला गेलो.

पहिल्यांदा बोलायला गेलो तो चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी होता. ते दिवस आठवा. करवतीची गिरणी बंद पडली होती, घरटी एकजण तरी घरी बसला होता. माझा मेहुणा सकाळी सातला जेवणाचा डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि वाचनालयात जाऊन बसायचा, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. अशा वेळी ज्याला नोकरी आहे त्यानं म्हणायचं, मला काम कमी पडतं? जीभ उचलेना. अर्ध्या वाटेवरून परत आलो.

दुसऱ्यांदा सौनाच्या वाफेत बसून बोललो. तिथे माणूस खोटं बोलत नाही, असं म्हणतात. तेव्हाचे आमचे साहेब एइनो हापाकांगास वरच्या फळीवर बसले होते. ते आता हयात नाहीत, माणूस फार चांगला. मी म्हटलं, “एइनो, मला कचेरीत काही कामच नाही.” त्यांनी निखाऱ्यावरच्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. मग म्हणाले, “सौनात कचेरी नको, कालेर्वो. इथे तरी विसर की रे ते सगळं.”

तिसऱ्यांदा सरळ त्यांच्या खोलीत गेलो, टाय लावून. म्हटलं, “एइनो, मी महिन्याला एक पत्र लिहितो. सोमवारी वाचतो, मंगळवारी विचार करतो, बुधवारी कच्चं, गुरुवारी पक्कं, शुक्रवारी पाकीट. पुढचे तीन आठवडे मी पेन्सिलींना टोक काढतो.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो एवढाच.

“तू थकलायस,” ते म्हणाले. “माझ्याच लक्षात यायला हवं होतं.”

आणि त्यांनी मला विश्रांतीला पाठवलं. तीन आठवडे, सरकारी खर्चानं, एका सरोवरावरच्या पुनर्वसन केंद्रात. सकाळी चिखलाचे लेप, दुपारी गटचर्चा. गोलात खुर्च्या मांडलेल्या, एकेकानं सांगायचं आपण किती तास राबतो. माझ्या आधी एक भूलतज्ज्ञ बोलली, ती बोलता बोलता रडली. मग माझी पाळी. मी म्हटलं, मला काम नाही. चालवणाऱ्या बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, “याला आपण नाकारणं म्हणतो. फार धीर लागतो या टप्प्याला.” त्यांनी मला आरशासमोर उभं राहून ‘नाही’ म्हणायचा सराव दिला. कुणी काम आणून टाकलं तर नाही म्हणता यावं म्हणून. मी तीन आठवडे रोज दहा मिनिटं आरशाला नाही म्हणालो. परत आलो, तर टेबलावर फुलं होती आणि एक चिठ्ठी, ‘सावकाश घे’. मी त्याहून सावकाश कसं घेणार होतो, ते आजही मला समजलेलं नाही.

हसा, हसा. मलाही आता हसू येतं. पण एक गोष्ट हसण्यासारखी नाही, आणि तीच मला कुणीतरी समजावून सांगावी. मी खरंच थकायचो. चार वाजता घरी पोचायचो तेव्हा दाराशी वाकून बूट सोडवायचं त्राण नसायचं. ओंडक्यांच्या दिवसात पंधरा किलोमीटर चालून आलो तरी मी रात्री नाच शिकायला जायचो. आणि आता खुर्चीत बसून पाठ मोडायची. हिल्का छतावरचं बर्फ ढकलायला स्वतः शिडी लावायची. मी उठायला लागलो की म्हणायची, “बस तू. दिवसभर मरमर मरतोस.” मी बसायचो. खिडकीतून तिचे बूट छतावरून हलताना दिसायचे. मी तिला का सांगितलं नाही? लाज होती, हे एक. दुसरं असं की मला विश्रांतीची गरज होती हे खोटं नव्हतं. मग यात खरं काय नि खोटं काय?

परवा गुरुवारी मी ठरवलं की निरोपाआधी बायकोला तरी सांगायचं. जेवण झालं, बटाटे संपले, मी म्हटलं, “हिल्का, मी तुला एकवीस वर्षं फसवलं.” ती म्हणाली, “आधी ताट उचल, मग सांग.” मी ताट उचललं आणि सांगितलं. ती भांडी विसळत होती, तिनं वळूनही पाहिलं नाही.

“माहीत आहे मला,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“मी दुपारी फोन करते ना, दूध आण, पाव आण म्हणून. तू पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलतोस. काम असलेला माणूस असा उचलतो होय?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू तो फोन उचलताना इतका खुशीत असायचास, म्हटलं राहू दे.” मग नळ बंद करून म्हणाली, “निम्म्या वेळेला घरात दूध असायचं, कालेर्वो.”

माफ करा. पाणी मिळेल का? आभारी आहे.

तर तिनं माझ्यासाठी काम काढलं होतं. तेवढंच तिच्या हातात होतं. आणि छतावर तीच चढत होती, सगळं माहीत असून. हे मी दोन दिवस मनात घोळवतोय. तिचे उपकार मानावेत की तिची माफी मागावी, यातलं आधी काय करायचं हे न कळल्यामुळे मी अजून दोन्ही केलेलं नाही. हिल्का, आज सगळ्यांसमोर दोन्ही करतो. तुला असं लोकांत बोललेलं आवडत नाही, ठाऊक आहे. घरी रागव.

आता एक कबुली द्यायची आहे, आणि ती विनय म्हणून घेऊ नका. काठावरच्या आउने प्यॉल्लानेन तुम्हाला आठवत असतील, पिवळ्या घरातल्या. नव्वद सालच्या पुरात त्यांच्या काठाला एक मोठा ओंडका येऊन रुतला होता. पाइनचा, सहा मीटर. त्यांनी पत्र पाठवलं, मी गेलो, मोजला, अहवाल केला, लाकूड कंपनीला नोटीस धाडली. पुढे कंपनीच बंद झाली. त्यामुळे ओंडका कुणी हलवायचा हा प्रश्न लोंबकळत राहिला. कलम एकोणीसप्रमाणे दर वसंतात पुन्हा पाहणी करायची. दर वसंतात त्यांचं पत्र यायचं. माझ्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम ते.

मी सायकलवरून जायचो. त्या दारातच उभ्या असायच्या.

“ओंडका आहे का जागेवर?” मी विचारायचो.

“जाईल कुठे मेला? बस, कॉफी ठेवते.”

आम्ही आधी कॉफी घ्यायचो, वेलचीचा गोड पाव खायचो, मग काठावर जाऊन ओंडका मोजायचो. एक जण टेप धरायचा, एक वाचायचा. तो दर वर्षी सहाच मीटर भरायचा. पंधरा वर्षं. ट्रॅक्टरला साखळी लावली असती तर ओंडका दहा मिनिटांत निघाला असता. शेजाऱ्याकडे ट्रॅक्टर होता. हे मला माहीत होतं. मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या वसंतात मी कुठे गेलो असतो? दोन हजार सहा साली आउने गेल्या, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी. पुतण्यानं मर्तिकानंतरच्या आठवड्यात ओंडका ओढून काढला, चिरला आणि सौनात जाळला. मला कळलं तेव्हा मी दार लावून रडलो. लाल दिवा होताच. आता तुम्हीच सांगा, मी त्या बाईला पंधरा वर्षं न्याय दिला नाही म्हणायचं, की त्या मला पंधरा वर्षं काम देत होत्या म्हणायचं? शेजाऱ्याचा ट्रॅक्टर त्यांनाही खिडकीतून दिसत होताच की. त्यांनीही त्याला कधी हाक मारली नाही.

अध्यक्ष महाराज घड्याळ बघताहेत. मला त्यांची अडचण कळते, कॉफी निवतेय आणि पावाच्या त्या खाऱ्या केकवरची कोळंबी उन्हात आहे. थोडक्यात आवरतो. म्हणजे, आवरायचा प्रयत्न करतो. आजवर मला कधी काही थोडक्यात आवरावं लागलं नाही, त्यामुळे सवय नाही.

हे सगळं मी का बोलतोय? गेले तर दिवस गेले. पदक मिळालं, पेन्शन मिळेल, गळ टाकून बसता येईल. मी गप्प बसलो असतो तर कुणाचं काय बिघडणार होतं? योन्नाचं बिघडणार होतं.

योन्ना माझ्याकडे पंधरा दिवसांपूर्वी कामाची सूत्रं घ्यायला आली. नगरपालिकेनं त्यासाठी दोन आठवडे राखून ठेवले होते, काम फार म्हणून. ती वही घेऊन आली होती, आणि एक झाड कुंडीत घेऊन, खिडकीत ठेवायला. ओउलू शहरातली मोजणी खात्याची चांगली नोकरी सोडून आली आहे ती. आई इथे एकटी, मांडीचं हाड मोडलेलं, त्यामुळे तिला याच गावात नोकरी हवी होती, आणि या गावात नोकऱ्या किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. मी तिला कपाट दाखवलं, शिक्के दाखवले, नियमावली दाखवली. पंचवीस मिनिटं लागली. तिनं वहीचं पान उलटलं.

“बरं, आणि बाकीचं?”

मी म्हटलं, “बाकीचं हळूहळू कळेल.”

मी हे म्हणालो. आयुष्यात मी कितीतरी लोकांना खरं सांगितलं आणि कुणी विश्वास ठेवला नाही. आणि जी ठेवणार होती, तिला मी खोटं सांगितलं. का, ते मला विचारू नका. तिनं नोकरी सोडलेली होती. तिच्या कुंडीला आधीच पाणी घातलेलं होतं.

मग ती म्हणाली, “काठ बघू या का?” उरलेले तेरा दिवस रिकामेच होते, गेलो. ती भराभर चालते. वळणावर थांबून म्हणाली, “इथे नदीत दगड का नाहीत?” मी म्हटलं, “ओंडके अडू नयेत म्हणून काढले, साठ सत्तर वर्षांपूर्वी. ते बघ, काठावर ढीग आहेत.” ती म्हणाली, “म्हणूनच मासे नाहीत. अंडी घालायला जागाच नाही त्यांना. मग ओंडके बंद झाल्यावर हे दगड परत कुणी टाकायचे?”

मी म्हटलं, “ते नियमावलीत नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली नुसती. आणि मित्रहो, मी पंधरा वर्षं त्या दगडांच्या ढिगांवर बसून आउनेकडून मिळालेला पाव खाल्लेला आहे. मला काम नव्हतं, असं मी मघाशी म्हणालो. ते खरं आहे की मी ते शोधलं नाही हे खरं आहे? मला सांगता येत नाही. काम कुणीतरी आणून द्यायचं असतं, असं मला वाटत राहिलं, आणि मी लाल दिवा लावून ते कुणी आणून देईल याची वाट बघत राहिलो. यातलं नियमाचं किती, लोकांचं किती आणि माझं किती, याची फोड मला करता आलेली नाही.

आणि आज सकाळपासून मी हा विचार करतोय. मी गप्प बसलो तर ही मुलगी त्या खोलीत पासष्ट वर्षांची होईल. मी बोललो आणि तुम्ही विश्वास ठेवलात, तर कुणीतरी उठून म्हणेल, मग ही जागाच कशाला हवी? आणि सोमवारी हिच्या हातात काहीच राहणार नाही. योन्ना, मी हे तुला विचारून करायला हवं होतं. विचारलं नाही. मला वाटतं तू हसत नाहीयेस. सगळ्या सभागृहात तू एकटीच मघापासून हसलेली नाहीस.

आता तुम्हीही कुणी हसत नाही आहात, ते दिसतंय मला.

आपल्या नगरपालिकेची रीत अशी की जाणाऱ्यानं भाषण संपवून आपल्या खोलीची किल्ली नव्या माणसाच्या हातात सभेसमोर द्यायची, मग त्यानं नेमणुकीच्या कागदावर सही करायची. कागद त्या टेबलावर आहे, पेन आहे. किल्ली ही माझ्या हातात. मी ती अजून देत नाही, याबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. अध्यक्ष महाराज, माझी एकच विनंती आहे. सोमवारी सकाळी नऊ वाजता या मुलीनं काय काम करायचं, ते सहीच्या आधी त्या कागदावर लिहून द्या. मोठं काही नको. ‘नदीतून काढलेले दगड नदीत परत टाकणे’, एवढी एक ओळ पुरे. दगड कुठे कुठे आहेत ते मला माहीत आहे, ते दाखवायला मी तिच्यासोबत फुकट हिंडेन. नियमावलीत बसत नसेल तर बसवा. कलम शेहेचाळीस म्हणतं की नगरपालिकेला योग्य वाटेल ते इतर काम निरीक्षकाला देता येईल. मघाशी म्हणालो ना, पाठ आहेत. गंमत बघा, हे कलम मी हजार वेळा म्हटलं असेल, पण माझ्यासाठी कधी वाचलं नाही.

काय म्हणालात साहेब? कॉफीनंतर बोलू? साहेब, तुम्ही सज्जन आहात, त्यामुळेच मला भीती वाटते. आपण सगळे सज्जन आहोत. कुणी कुणाला त्रास देत नाही. कॉफीनंतर सगळे घरी जातील, आणि सोमवारी योन्ना खोलीत एकटी असेल.

समारोपाचं बोलतो. या कचेरीनं माझ्यावर विश्वास टाकला, चोवीस वर्षं मला मानानं वागवलं, आज गोडधोड आणि पदक दिलं, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. शाळेचे आभार. केक करणाऱ्यांचे आभार, तो ज्यांना अजून खाता आलेला नाही त्यांची क्षमा मागतो. स्वर्गवासी हापाकांगास साहेबांबद्दल अधिक-उणं बोललो असेन, तर त्यात राग नव्हता. हिल्काला लोकांत लाजवलं, त्याचं घरी निस्तरीन. बोलण्याच्या ओघात काही कमी-जास्त झालं असेल, आणि ते झालेलंच आहे, तर म्हातारा गोंधळलेला होता असं समजून पोटात घाला.

आता रिवाजाप्रमाणे मी खाली बसायला हवं. पण मी बसत नाही. साहेब, पेन तुमच्या उजव्या हाताला आहे. तुम्ही सावकाश लिहा, हवा तेवढा वेळ घ्या. वाट बघण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही.